दोघींचं तेल

६ एप्रिल

ताई,

नमस्कार, खुशाली, हवापाण्याची चौकशी हे सगळं मी केलं असं समज. मला एकच विचारायचं आहे आणि त्याचं सरळ उत्तर हवं आहे. जाण्याआधी तू तेलात काही कालवलं होतंस का?

दोन वर्षं एक ओळ नाही आणि लिहिली ती ही, असं म्हणशील. म्हण. माझे केस गळतायत. विंचरताना चार-दोन येतात तसे नव्हेत. न्हाणीघराच्या जाळीवर पुंजका, उशीवर पुंजका, टॉवेल झटकला की खाली जाळंच. काल जेवताना ह्यांनी ताटातून एक केस ओढायला घेतला आणि म्हणाले, "हा काही संपत नाही, गुंडाळायला रीळ आण." मी हसले नाही. भांगही रुंद झालाय. आधी वाटलं, आरशावरचा दिवा नवा आहे म्हणून तसं दिसतंय. दिवा बदलून पाहिला.

तुझा काय संबंध, तेही सांगते. घाणा उतरला की पहिली पळी आपल्याच डोक्यावर आणि मग बाटलीत, हा आईचा नियम मी मोडलेला नाही. तू होतीस तोवर ती पळी दोघींत वाटली जायची. आता सगळी माझ्या एकटीच्या डोक्यावर जाते. म्हणजे तेलात काही असेल तर ते पहिल्यांदा मलाच बाधणार, आणि हे ठाऊक असलेली माणसं किती? मी, तू आणि घारी.

घारी अजून आहे. तूच तिला बाटल्या भरायला आणलीस, तेव्हा ती तुझी माणूस हे मी विसरलेले नाही. काम चोख करते, त्यात खोट काढता येत नाही, आणि तेच मला खटकतं. दर महिन्याला ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक छोटं खोकं घेऊन पोस्टात जाते. विचारलं तर म्हणते, नातेवाइकांना पाठवते. घारीला मागेपुढे कुणी नाही, हे तिनेच तुला सांगितलं होतं आणि तू मला.

मी एवढी का घाबरलेय तेही ऐक. ऑगस्टात मोठं प्रदर्शन आहे. दुकानांच्या एका साखळीचा खरेदी अधिकारी आपलं तेल सगळ्या दुकानांत ठेवायला तयार आहे. त्याची अट अशी की मी स्टॉलवर केस मोकळे सोडून उभं राहायचं, लेबलावर आहेत तसे. लेबलावर आपण दोघी पाठमोऱ्या, केस कमरेपर्यंत. त्यातली एक निघून गेली. दुसरीचं टाळकं दिसायला लागलं तर लोक तेल घेतील की तोंड फिरवून हसतील? आणि धंद्याची भीती एकीकडे. सकाळी केसांत हात घालायच्या आधी मी डोळे मिटून घेते, त्याचं काय करू?

लेबलावरून आपलं वाजलं, असं तू सगळ्यांना सांगितलंस. "नवे केस येतात" ही ओळ काढ म्हणालीस, मी काढली नाही, तू वरची खोली रिकामी केलीस. एका ओळीवरून कुणी घर सोडतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं. तू तिकडे जाऊन स्वतःचं तेल काढणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. मुलींचं वसतिगृह सांभाळतेस म्हणे. म्हणजे इतक्या मुलींची डोकी आयतीच हाताशी.

उत्तर लवकर पाठव. फिरवून फिरवून लिहू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे.

तुझी धाकटी

२८ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. खाई त्याला खवखवे, मी अजून काय म्हणू.

तोवर मी हातावर हात ठेवून बसलेले नाही. कपाटात मागच्या बाजूला तुझ्या वेळच्या घाण्यातल्या बाटल्या सापडल्या. मी भांगापासून डोक्याचे दोन भाग केले. उजवीकडे तुझ्या वेळचं जुनं तेल, डावीकडे आत्ताचं, घारीने भरलेलं. दोन फण्या घेतल्या, एक पांढरी, एक काळी. दोन वेण्या घालते, म्हणजे बाजू मिसळायला नकोत. ह्या वयात दोन वेण्या. गिऱ्हाइकं बघतात आणि काही बोलत नाहीत. ह्यांनी मात्र विचारलं, शाळेत नाव घातलंय का. पडलेले केस मी दोन वेगवेगळ्या पाकिटांत ठेवते आणि कपाटाला कुलूप लावते. डावं पाकीट फुगलं की घारी आणि तू, दोघींचा हिशेब करीन.

येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना कुठून वास लागतो देव जाणे. एक म्हणते पाणी जड आहे, दुसरी म्हणते शाम्पू बदल, तिसरी म्हणते ओले केस बांधतेस म्हणून. गिरणीवाल्याच्या बायकोने कांद्याचा रस सांगितला. तो लावून मी तीन दिवस फिरले. हे बैठकीत झोपायला गेले आणि घारीने कामाच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. मग कुणी अंडं सांगितलं, तेही झालं. गरम पाण्याने धुतलं आणि अंडं डोक्यावरच शिजलं, ते काढता काढता गेले ते केस वेगळेच. एवढं सगळं करून मी तेलवाली. लोक माझ्याकडे केसांवर उपाय विचारायला येतात आणि मी दार लावून गिरणीवाल्याच्या बायकोचं ऐकते.

बाहेर जाताना आता रुमाल बांधते. सर्दी झाली असं सांगते. उन्हाळ्यात सर्दी किती दिवस टिकते, हे कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

घारीवर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून आहे. ती कढईजवळ एकटी असते तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून आत जाते. परवा अशीच अचानक गेले, तर ती नुसती उभी होती आणि माझ्या डोक्याकडे बघत होती. माझ्या नव्हे, भांगाकडे. मग पटकन फडकं उचलून बाटल्या पुसायला लागली. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी काय म्हणू? दया होती. तिने माझी दया करण्याचं कारण काय, तिला काय ठाऊक आहे?

धाकटी

१९ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी चार वाक्यं, आणि ती अशी: "तेल लावणं थांबव. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. रक्त तपासून घे. घाबरू नकोस." कशी आहेस नाही, काय झालं नाही. मी तुझ्यावर एवढा आरोप केला त्याला हो नाही की नाही नाही. निर्दोष माणूस चिडतं, ताई. तू चिडली नाहीस, हे मी नोंदवून ठेवलंय. आणि केस गळायला लागले की रक्त तपासतात, हे तुला कुणी सांगितलं? मला तर माहीत नव्हतं.

आता परीक्षेचं सांगते. दोन्ही पाकिटं सारखीच फुगली. मी ती तागडीत घालून पाहिली, आपल्या मेथीच्या तागडीत. काटा मधोमध. ह्यांना वाटलं आता मी गप्प बसेन. पण मी म्हटलं, याचा अर्थ उघड आहे, जुन्या बाटल्यांतही आधीपासून काहीतरी होतं. त्यावर हे म्हणाले, "म्हणजे डावीकडे गळले तर घारी चोर, उजवीकडे गळले तर ताई चोर, आणि दोन्हीकडे गळले तर दोघी चोर. अगं, केस गळणार नाहीत अशी एक तरी बाजू ठेव." आणि वर म्हणाले, आता एक तर पोलिसांत जाऊ नाही तर डॉक्टरकडे, पण पोलीस हसतील.

म्हणून गेले. तू सांगितलंस म्हणून नाही.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर. स्वतःचे केस काळेभोर, दाट, एका साध्या चिमट्यात अडकवलेले. तेल कुठलं वापरते विचारावं असं मनात आलं. मी काय काम करते ते मी तिला सांगितलं नाही. तिने चिमूटभर केस बोटांत धरून हलकेच ओढले, आले ते उजेडात धरून पाहिले. पाळी नियमित आहे का, अंगावरून जास्त जातं का, थकवा येतो का, वजन कमी करायला जेवण तोडलंय का, केस ताणून बांधता का. मला वाटलं ही केसांची डॉक्टर की जनगणनेची. मग विचारलं, गेल्या चार-पाच महिन्यांत मोठं आजारपण झालं का. जानेवारीत आठवडाभर सणकून ताप होता, तो मी सांगितला, पण तो तर कधीच बरा झाला होता, केस गळायला लागले ते एप्रिलच्या तोंडावर.

ती म्हणाली, "धक्का बसतो आज आणि केस पडतात दोन-तीन महिन्यांनी. म्हणून माणसं नेहमी चुकीच्या महिन्यात चोर शोधतात."

हे तिला ह्यांनी आधी फोन करून शिकवलं होतं की काय, मी बाहेर आल्यावर विचारलं. नाही म्हणाले.

तापाचे केस परत येतील म्हणाली. पण मग तिने टाळूवर एक भिंगाचं यंत्र धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली की याच्या जोडीला दुसरंही काही आहे. माथ्यावरचे केस बारीक होत चाललेत, जाड केसांत बारीक मिसळलेत, भांग त्यामुळे रुंद दिसतो. हे हळूहळू होतं आणि बहुतेक वेळा घराण्यातून येतं. तुमच्या घरात कुणाला आहे का, आई, बहीण, मावशी?

मी लगेच म्हटलं, कुणालाही नाही. आमचं घराणं केसांवर उभं आहे, हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

आणि तेलाचं विचारलंच शेवटी, माझ्या एका ओळखीच्या बाईचं म्हणून. ती म्हणाली, तेल निर्दोष आहे, केस मऊ राहतात, तुटत कमी असतील, पण ते औषध नव्हे, त्याने नवे केस येत नाहीत. आयुष्यात मला एवढं कुणी टोचून बोललं नव्हतं, आणि तिला तर पत्ताही नव्हता.

परत येताना एक आठवलं, ते लिहू की नको असं झालंय. आईचा रुमाल. तेलाच्या वाफेने केस चिकट होतात म्हणून बांधते, असं सांगायची. पण कढई चुलीवर नसायची तेव्हाही तो असायचाच. शेवटच्या आजारात तिचं डोकं तूच धुवायचीस, दार लावून. मी दोनदा आत यायला निघाले तर तू कडी घातलेली. मला वाटायचं, तू माझ्याविरुद्ध तिचे कान भरतेस. आत काय चाललं होतं, ताई?

धाकटी

११ जून

ताई,

आता माझी खात्रीच पटली आहे आणि हे पत्र तू नीट बसून वाच.

रक्ताचे अहवाल आले. थायरॉइड ठीक, पण लोहाचा साठा तळाला गेलेला, त्याच्या गोळ्या चालू. त्या तरी मी समजू शकते, पाळी जाताना फार जातंय गेलं वर्षभर. पण त्या डॉक्टरणीने डोक्याला लावायचं एक पाण्यासारखं औषध दिलं, मिनॉक्सिडिल नावाचं, केसांना नव्हे तर कातडीला लावायचं, कोरड्या डोक्यावर, रोज. ते लावायला लागले आणि तिसऱ्या आठवड्यात केस दुपटीने गळायला लागले. दुपटीने, ताई. एका हातात मावेनात. मी न्हाणीघरात खाली बसून रडले आणि मग बाटली माळ्यावर टाकून दिली. बाईने केसाने गळा कापला म्हटलं. आधी घालवायचे, मग महागडे उपाय विकायचे, असा डाव असणार.

हे म्हणाले, "तिने सांगितलं होतं. सुरुवातीला जास्त गळतील, मरगळलेले केस पडून नव्यांना जागा होते, थांबू नका, गुण यायला चार-सहा महिने लागतात. तू तेव्हा तिच्या केसांकडे बघत बसली होतीस." मला काहीच आठवत नाही. पण हे खोटं बोलत नाहीत, एवढं मान्य करावं लागेल. बाटली माळ्यावरून खाली काढली. ती संपत आली होती म्हणून काल औषधाच्या दुकानात गेले, आपल्या नव्हे, स्टेशनजवळच्या, जिथे मला कुणी ओळखत नाही.

दुकानदाराने कागदावरचा पत्ता पाहिला आणि म्हणाला, "तुमच्याकडची बाई आत्ताच नेऊन गेली की. घाऱ्या डोळ्यांची. दर महिन्याला नेते." तिने पत्ता आपल्याच कामाच्या खोलीचा दिलाय.

कितीतरी दिवस मी चुकीच्या टोकाने ओढत होते. आता सगळा गुंता सुटला. घारी हे औषध घेते, वर्तमानपत्रात गुंडाळते आणि पोस्टाने तुला पाठवते. तू ते तिकडे तेलात मिसळतेस आणि घरगुती म्हणून विकतेस. साहजिकच तुझ्या तेलाने नवे केस येणार! आणि माझ्या लेबलावरची ओळ काढायला सांगणारी तू. काय तो सत्याचा पुळका. मी तुला आणि तुझ्या वसतिगृहाच्या संचालकांना, दोघांनाही सोडणार नाही. त्या कोवळ्या मुलींच्या डोक्याला काय लावतेस हे त्यांच्या आईबापांना कळायला हवं.

उद्या घारी आली की पहिलं तिला समोर बसवते. मग तुझा नंबर.

१३ जून

ताई,

काल दुपारी मी कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं. घारी झाकणं बसवत होती. मी तिच्या पिशवीतून ते खोकं काढलं, वर्तमानपत्र फाडलं आणि बाटली टेबलावर ठेवली. शेजारी माझी ठेवली. तीच बाटली, तेच झाकण. म्हटलं, तेलात किती मिसळते ताई? सांग, नाही तर आजचा दिवस तुझा शेवटचा.

तिला आधी मी काय म्हणते तेच कळेना. कळलं तेव्हा तिने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"तेलात कशाला मिसळतील?" ती म्हणाली. "डोक्याला लावतात त्या. स्वतःच्या."

मी म्हटलं, ताईचे केस माझ्यापेक्षा दाट आहेत.

"होते," ती म्हणाली. "लेबलाचा फोटो काढला त्या दिवशी त्यांच्या टाळूवर काळी पावडर मीच दाबून बसवली होती. त्याच्याही आधीपासून चाललंय हे. तिकडे औषधाचं दुकान एकच, आणि त्या दुकानदाराच्या दोन्ही मुली वसतिगृहात. म्हणून मला पाठवायला सांगतात."

 आपण दोघी एका घरात, एका कढईवर, आणि तू पावडर लावून माझ्या शेजारी फोटोला उभी राहिलीस. स्टॉलवर मी ओरडून ओरडून सांगायची, आमच्या दोघींचे केस बघा, आणि तू पदर सारखा करायचीस. मला वाटायचं तुला लाज वाटते धंद्याची, स्वतःला मोठी समजतेस. तू म्हणालीस ती ओळ काढ, आणि मी म्हटलं तुझ्या पोटात दुखतं. ती ओळ रोज सकाळी तुला आरशात वाचायला लागत होती.

तरी मी शेवटचा संशय सोडला नाही. म्हटलं, एवढं होतं तर सख्ख्या बहिणीला सांगायला काय झालं होतं? परकी घारी चालली?

घारीने झाकणांची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना. त्या म्हणाल्या, आईचं डोकं धुताना मी पाहिलं, आणि त्या दिवसापासून रोज आरशापुढे माझंच बघत बसले. व्हायच्या आधीच माझी कितीतरी वर्षं त्यात गेली. धाकटीला सांगितलं तर तीही तेच करील. तिला होईलच असंही नाही. तिची तेवढी वर्षं तरी सुखात जाऊ देत."

ताई, मी तिच्यासमोर हुंदके देऊन रडले. तिने माझ्या पुढ्यात पाणी ठेवलं आणि परत झाकणं बसवायला लागली. त्या बाईने वाईट तरी किती वाटून घ्यायचं, तिचं कामही पडलं होतं.

तू घर सोडलंस ते माझ्याशी खोटं बोलायला लागू नये म्हणून, आणि मी दोन वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडत सुखात काढली. तू म्हणालीस तशी. सुखातच काढली, हे मला आज सहन होत नाही.

ते परवाचं पत्र मी पोस्टात टाकलं आहे. आलं की वाचू नकोस. फाडून टाक.

१२ जुलै

ताई,

तुझं उत्तर नाही, पण घारीने सांगितलं की खोकं पोचलं. म्हणजे जिवंत आहेस. मला लिहायचं नसेल तर नको लिहूस. मीच लिहिते.

ती ओळ काढली. छापखान्याने जुनी लेबलं परत घ्यायला नकार दिला, तर मी आणि घारीने बसून प्रत्येकावर पट्टी चिकटवली. आता लिहिलंय, "केस मऊ राहतात." हे म्हणाले, एवढंच? म्हटलं, एवढंच खरं आहे. खरेदी अधिकाऱ्याला फोन करून सांगितलं की मी केस मोकळे सोडून उभी राहणार नाही आणि उगवतात असंही म्हणणार नाही. तो गोड बोलला, मग आठवड्याने कळवलं की यंदा जागा भरल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, असं मला आधी वाटलं. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात डोळे न मिटताच केसांत हात घातला. किती दिवसांनी, ते आठवावं लागलं.

डॉक्टरणीकडे परत गेले आणि या वेळी खरं सांगितलं. आई, बहीण आणि मी. तेल कुणाचं तेही सांगितलं. तिचा चेहरा पडला, "मी तुम्हाला फार बोलले का?" म्हणाली. म्हटलं, बोललात, पण खोटं नाही बोललात. तापाचे केस आता थांबत आलेत, कानाजवळ बारीक बारीक नवे आलेत, ताठ उभे राहतात, दाबले तरी बसत नाहीत. माथ्याचं मात्र तिने स्पष्ट सांगितलं. औषध लावत राहायचं, कदाचित कायमच, आहे ते टिकेल, थोडं भरेल, पहिल्यासारखं होईलच असं नाही. सोडलं तर मिळवलेलं जाईल. बरं म्हटलं.

पण एक अडचण आहे. पुढचं मला आरशात दिसतं, माथ्याचं नाही. हात पोचतो, पण औषध कातडीवर पडतंय की केसांवर, कळत नाही. हे लावायला बसले एकदा. निम्मं कानात गेलं, उरलेलं शर्टावर, आणि वर म्हणाले की शर्टाला केस आले तर मला दोष देऊ नकोस. घारी लावते म्हणाली. तिच्यावर माझा आता विश्वास आहे, पण तिच्यापुढे डोकं वाकवायला अजून धीर होत नाही.

मग माझ्या मनात आलं, तू तिकडे एकटी. इतकी वर्षं तू ते कुणाला कळू न देता लावतेस, दार लावून, आरशात पुढून बघत. म्हणजे मागचं तुला कधीच दिसलेलं नाही. तुला गुण येत नाही असं घारी म्हणाली, तेव्हा मला आधी औषधाचा संशय आला, मग दुकानदाराचा. आता नाही येत. तुझ्या माथ्यावर ते नीट पडतच नसणार, ताई.

वरची खोली मी झाडून घेतली आहे. ये. खुर्ची खिडकीशी ठेवते, तिथे उजेड चांगला आहे. तू पुढे बस, मी बघते.

धाकटी